पाळण्यावर घातलेलं गाऱ्हाणं

अंबिका तावडेच्या नादी लागायचं नाही, हे लालबागच्या त्या चाळीत नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूलाही पहिल्या आठवड्यात कळायचं. बाई तशी वाईट नव्हती. कुणाच्या घरी आजारपण निघालं तर पेजेचं पातेलं घेऊन पहिली हीच हजर. पण एकदा का कुणावर खप्पामर्जी झाली, की त्या माणसाची खैर नसे. तिचा नवरा शिवा म्हणायचा, "आमच्या हिचा राग म्हणजे गिरणीचा भोंगा. वाजला की झोपलेल्यांनी पण उठायचं." तो शिवा जानेवारीत गेला, आणि भोंगा वाजायला लागला तो थांबेचना.

ती ओमिक्रॉनची लाट होती. टीव्हीवाले म्हणत होते, सौम्य आहे, साधी सर्दी समजा. ज्याच्या घरातून माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून गेलं त्याला हा 'सौम्य' शब्द शिवीसारखा लागतो. शिवाच्या फुप्फुसात गिरणीचा कापूस तीस वर्षं बसला होता. दोन वर्षांत तो जिना उतरला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीपाशी खाट, खाटेवर तो आणि त्याचे पत्ते. मग त्याला झालं कुठून? तो खाली गेला नाही म्हणजे रोग वर आला. रोगाला स्वतःचे पाय नसतात, कुणाच्या तरी पायांनी तो जिना चढतो. हे अंबिकेचं म्हणणं, आणि इथवर ते बरोबर होतं.

घोटाळा पुढे झाला. पहिल्या लाटेत महापालिकेची माणसं चाळीला बांबू बांधून गेली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पढवलं होतं की हा आजार अंगात शिरला तरी पाच-सहा दिवस, कधी त्याहूनही जास्त, गप्प बसून राहतो आणि मग तोंड वर काढतो. अंबिकेने ते गायत्री मंत्रासारखं पाठ केलं होतं. शिवाला शनिवारी ताप भरला. तिने मागे मोजत नेलं, तर बोट येऊन थांबलं नववर्षाच्या दिवसावर. आणि त्या दिवशी खोलीत कोण येऊन बसलं होतं? शेजारची जर्ट्रूड.

जर्ट्रूड परेरा चाळीतच जन्मलेली, शिवापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. फोर्टात एका कंपनीत टायपिस्ट होती, आता निवृत्त. नवरा विल्फ्रेड जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा स्टॅनली आणि सून रोशेल बहारीनला. दर नाताळात ती नेवऱ्या आणि केक घेऊन तावड्यांकडे यायची, दर चतुर्थीला तावड्यांचे मोदक तिच्याकडे जायचे. त्या दिवशीही ती केक घेऊन आली, खाटेच्या कडेला बसली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि शिवाबरोबर मेंढीकोटाचे दोन डाव खेळली. आणि खोकली. अंबिकेने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. केकचा चुरा घशात गेला म्हणून ती खोकली, असं ती म्हणाली होती, पण खोकणारा काय, काहीही म्हणेल.

मुलगा दीपक बुधवारी येऊन बापाची दाढी करून गेला होता, पण तो धरायचाच नव्हता. तो तर तापाच्या अगदी तोंडावर आलेला. तीन दिवसांत कुठे काय होतं? शिवाय तो घरचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडली?

तेरावं झालं आणि अंबिका खाली दगडू घाड्यांकडे गेली. चाळीच्या आवारात रवळनाथाची एक घुमटी आहे; गिरणीत आलेल्या पहिल्या पिढीने गावाहून दगड आणून बसवलेली. तिथे शिमग्याला, चतुर्थीला गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे लावलेली फिर्याद. एकजण बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माणसांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही, असा तिथला समज.

"गाऱ्हाणा घाला, काका," अंबिका म्हणाली.

"कोणाच्या नावान?"

"नाव नको. देवाक ठावक आसा."

दगडू म्हातारा चाचरला. चांगल्यासाठी गाऱ्हाणं घालावं, वाइटासाठी घातलं की ते घर शोधत फिरतं, असं काहीबाही पुटपुटला. पण अंबिका दारातून हलेना. शेवटी संध्याकाळी चाळ जमली, घुमटीपुढे नारळ ठेवला आणि दगडूने तिने पढवलेलं तसंच्या तसं म्हटलं.

"बा देवा रवळनाथा, ही तुजी लेकरा आज तुज्या पायाकडे इली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कोणी ह्यो रोग शिवाच्या खाटेपर्यंत आणलो, त्येका तू वळाख म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या घरात पाळणो हलूचो नाय, असा कर म्हाराजा!"

इथे 'व्हय' जरा दबकत आलं. कारण हा पाळणा कुणाचा, ते सगळ्यांना कळलं होतं. रोशेलला मूल व्हावं म्हणून जर्ट्रूड चार वर्षं माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला जात होती. कधीकाळी तिने हे दुःख अंबिकेपाशीच बोलून दाखवलं होतं, आणि अंबिकेने नेमकं तिथेच बोट खुपसलं. दगडूचं वाक्य हवेतच लोंबत राहिलं असतं, पण गर्दीच्या मागून एक आवाज खणखणीत आला, "व्हय म्हाराजा!"

जर्ट्रूड होती. पाठ ताठ, पदर खोचलेला, नजर थेट अंबिकेकडे. सगळ्यांत मोठ्याने तीच बोलली. दीपक आईच्या शेजारी उभा होता आणि त्याचे ओठ हललेही नव्हते. अंबिकेला वाटलं, बापाच्या आठवणीने पोराचा गळा भरून आला.

त्यानंतरचे दिवस जर्ट्रूडला फार वाईट गेले. चाळीला एकदा वाळीत टाकायला माणूस मिळालं की चाळ हौसेने कामाला लागते. तिची बादली नळावरून बाजूला सरकवली जाऊ लागली. तिच्या दारावरून जाताना बायका पदर नाकाला लावू लागल्या, जणू महिन्याभरानंतरही तिच्या उंबऱ्यावर विषाणू पाट मांडून बसला होता. हळदीकुंकवाला तिला दरवर्षी वाण देत, यंदा सगळ्यांनी तिची खोली वगळली. अंबिका गॅलरीत उभी राहून मुद्दाम मोठ्याने बोलायची, "काही लोकांना केकबरोबर मरण वाटायची सवय असते हो!" आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. तो ऐकून अंबिकेला त्या दिवसापुरतं बरं वाटायचं. दुःख खाली बसवायला दुसऱ्याचं दुःख लागतं काही माणसांना, आणि अंबिका तेव्हा त्यांतलीच झाली होती.

फेब्रुवारी सरता सरता ती ब्लडप्रेशरच्या गोळीसाठी डॉक्टर संघमित्रांच्या दवाखान्यात गेली. गोळी लिहून घेता घेता तिने आपला हिशेब त्यांना ऐकवला. चाळीत ऐकून ऐकून लोक कंटाळले होते, नवं गिऱ्हाईक मिळालं.

"आठवड्यापूर्वी आलेली बाई?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "तसं नाही धरता येणार, काकू. ते पहिल्या वेळचं झालं. डेल्टात ते दिवस कमी झाले, आणि हा ओमिक्रॉन तर तीन दिवसांच्या आसपास ताप आणतो. पसरतोही भराभर. ज्याच्याकडून घ्यायचा त्याला अजून नीट खोकलाही आलेला नसतो, घसा नुसता खवखवत असतो, आणि तो वाटत सुटतो."

"म्हणजे आठवडा नाहीच?"

"होऊ शकतं, पण क्वचित. नक्की कोणाकडून आलं हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण मला विचाराल तर मी आधी पाहीन, दोन-तीन दिवस आधी त्यांच्या तोंडाजवळ कोण होतं."

तोंडाजवळ. अंबिका चिठ्ठी घेऊन बाहेर आली आणि गणेश टॉकीजच्या नाक्यावर तशीच उभी राहिली. बुधवारी दीपक बापाच्या खाटेवर बसला होता. एका हाताने त्याने बापाची हनुवटी धरली होती, दुसऱ्या हातात वस्तरा. गालफडं बसलेली, म्हणून गालाची कातडी ताणून, श्वास रोखून, अगदी नाकाला नाक लावून तो दाढी करत होता. साबणामुळे मास्क ओला होतो म्हणून त्याने तो काढून ठेवला होता. पाण्याची वाटी अंबिकेनेच धरली होती.

घरी पोचताच तिने डोंबिवलीला दीपकच्या घरी फोन लावला.

"दीपक, खरं सांग. त्या बुधवारी तुला काय होत होतं?"

"आई, घसा धरला होता. दुसऱ्या दिवशी किट आणून टेस्ट केली. दोन रेघा आल्या."

"आणि तू बोलला नाहीस?"

"बोलणार होतो. शनिवारी तुझा फोन आला बाबांना ताप म्हणून. मग हॉस्पिटल, मग सगळं संपलंच. मग तू जर्टी आंटीचं नाव घ्यायला लागलीस. मी कसं बोलणार होतो?"

"मेल्या, आणि ती गाऱ्हाण्यात उभी असताना गप बसलास? पाळण्याचं बोलली मी! तुझ्या बायकोला पाचवा लागलाय, ते तरी आठवलं का तुला?"

"तुला आठवलं होतं का?" दीपकचाही आवाज चढला. "आणि ऐक, मंगळवारी रात्रीच मी तुला फोन केलेला. म्हटलं, घसा खवखवतोय, या बुधवारी नाही येत. तू काय म्हणालीस? थंडीत सगळ्यांचाच घसा धरतो, नाटकं करू नकोस, बाप दाढीची वाट बघतोय. तू बोलावलंस म्हणून आलो मी!"

अंबिकेने फोन ठेवून दिला. तो फोन तिला आठवत होता. इतके दिवस आठवत नव्हता असंही नव्हतं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, आणि चोर तिच्याच पोटचा, चोरीला धाडणारीही तीच. भिंतीवर शिवाचा फोटो होता, त्याच्या गुळगुळीत दाढीकडे तिला बघवेना. ती जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

चार दिवसांनी दीपकचाच फोन आला. त्याच्या बायकोला, अक्षदाला, रक्त दिसलं होतं. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं, बाळ ठीक आहे पण काही सांगता येत नाही. असं पुष्कळ बायकांना होतं, हे अंबिकेला ठाऊक होतं. तिला स्वतःलाही दीपकच्या वेळी झालं होतं. पण आता तिच्या कानात दुसरं काही शिरत नव्हतं. वाइटासाठी घातलेलं गाऱ्हाणं घर शोधत फिरतं, आणि त्याला डोंबिवलीचा पत्ता सापडला होता.

ती दगडूकडे गेली, पण त्यालाही नाव सांगितलं नाही.

"काका, घातलेला गाऱ्हाणा मागे घेऊचा कसा?"

"मागे नाय येणा. फिरवूक येता. दुसरा घालूचा लागता, तितक्याच माणसांसमोर. आणि ज्येच्यावर पयला घातलंस तेणा 'व्हय' म्हणूक होया. नायतर देव म्हणतलो, तुमचा तुम्हांकच ठरणा नाय."

म्हणजे जर्ट्रूडच्या दारात जायला हवं होतं. अंबिकेला फाशी गेलेलं पत्करलं असतं. पण पलंगावर पडलेली अक्षदा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. होळीच्या आदल्या दिवशी तिने शेजारचं दार वाजवलं.

जर्ट्रूडने दार अर्धंच उघडलं. "काय ग? आज काय विसरलीस शिव्यांतलं?"

"आत येऊ?"

"बाहेरूनच बोल. माझ्या घरात रोग असतो ना?"

अंबिकेने गॅलरीत उभं राहूनच सांगितलं, हळू आवाजात, सगळं. डॉक्टरांचे तीन दिवस, दाढी, दोन रेघा, फोन, अक्षदा. जर्ट्रूड ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"दीपक?" ती म्हणाली. "ज्याला मी मांडीवर खेळवला तो? तो माझ्या समोर उभा राहून गप्प बसला? आणि तू, अंबिका, तू माझ्या रोशेलच्या कुशीवर देव घातलास! चार वर्षं मेणबत्त्या लावतेय मी. गेल्या महिन्यात पुन्हा काही नाही झालं तिचं, तर मी रात्रभर बसून विचार करतेय, हे माझ्या जीझसमुळे की तुझ्या रवळनाथामुळे?"

"चुकले मी."

"चुकलीस? दूध उतू गेलं तर चुकलं म्हणतात." जर्ट्रूडने बोट नाचवलं. "उद्या खाली जा. सगळ्यांसमोर सांग, माझ्या मुलाने आणलं. नाव घेऊन सांग. मग मी म्हणते काय म्हणायचं ते."

"नाव नाही घेणार," अंबिका म्हणाली. तिचा जुना आवाज परत आला. "मला मार, थुंक माझ्यावर. पण त्याचं नाव चाळीत निघालं तर तो जन्मभर बापाला मारणारा म्हणून फिरेल. त्याला पोर होणार आहे."

"मग मर तिकडे," जर्ट्रूड म्हणाली आणि दार लावून घेतलं.

होळीच्या संध्याकाळी चाळ घुमटीपुढे जमली. पोरं आधीच बोंबा मारत होती, वर्षाचं साचलेलं ओरडून घेत होती. दगडूने शिमग्याचं नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, गुराढोरांचं, पोराबाळांचं, नोकरीधंद्याचं. 'व्हय म्हाराजा'ने आवार दणाणलं. तो नारळ उचलायला वाकला, तेवढ्यात अंबिका पुढे आली.

"थांबा काका. माका बोलूचा आसा."

बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दगडूने तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहून बाजूला झाला. अंबिकेने दीपकलाही बोलावून घेतलं होतं. तो जिन्यापाशी, मान खाली घालून उभा होता.

"बा देवा रवळनाथा," ती म्हणाली. "त्या दिवशी ह्या जागेवर मी एक शब्द टाकलंय म्हाराजा. तो जर्टीसाठी टाकलंय. तिका म्हणान चाळीन वाळीत टाकली. तिचा काय एक चुकला नव्हता. तो रोग शिवाच्या खाटेपर्यंत मी आणलंय. माका सर्दी होती, मी लपवलंय. माज्याच हातान माजो घोव मारलंय मी."

दीपकने झटकन मान वर केली. "आई..."

"तू गप रव!" ती किंचाळली, आणि पुन्हा देवाकडे वळली. "पाळण्यावरचो शब्द काढून घे म्हाराजा. बहारीनच्या पाळण्यावरचो काढ, डोंबिवलीच्या पाळण्यावरचो काढ. जा काय द्यायचा आसा ता माज्या अंगार घाल."

ती थांबली. आता 'व्हय' यायला हवं होतं. पण कुणीच बोललं नाही. ताज्या विधवेच्या अंगावर शाप घालायला 'व्हय' कोण म्हणणार? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दगडूच्या ओठांची नुसतीच हालचाल झाली. अंबिकेची नजर या तोंडावरून त्या तोंडावर फिरली, आणि प्रत्येकाने डोळे खाली घातले. अरे बोला ना, असं तिला ओरडावंसं वाटत होतं. चांगुलपणाच्या नावाखाली ही माणसं तिच्या नातवाला मारत होती.

गर्दीच्या मागे जर्ट्रूड उभी होती. ती येईल असं अंबिकेला वाटलं नव्हतं. सगळ्या आवारात खरं काय ते तीन माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला ते सांगून टाकायला आज चांगलं निमित्त होतं. जर्ट्रूडने आधी दीपककडे पाहिलं, बराच वेळ. मग अंबिकेकडे.

"व्हय म्हाराजा!"

तोच आवाज, तसाच खणखणीत. मग दगडू म्हणाला, मग एकेक करून बाकीचे, आणि शेवटी सगळी चाळ. अंबिकेला कुणीतरी धरलं, तिने हात झटकून टाकला आणि जिन्याकडे धावली, कारण जर्ट्रूड वर निघाली होती.

दुसऱ्या मजल्यावर तिने तिला गाठलं. जर्ट्रूड कुलूप काढत होती.

"जर्टी."

"आभार मानू नकोस," जर्ट्रूड मागे न वळता म्हणाली. "तुझ्यासाठी नाही बोलले. तुझं तोंडसुद्धा बघायचं नाहीये मला. उद्यापासून माझ्या दाराकडे फिरकायचं नाही, मोदक पाठवायचे नाहीत, पोर झालं तर दाखवायला आणायचं नाही."

"नाही आणणार. एकच सांग." अंबिकेला धाप लागली होती. "माझ्या अंगावर घाल म्हटलं, त्याला तू 'व्हय' म्हणालीस. ते वरवर म्हणालीस की मनापासून? वरवरचं देवाला पोचत नाही."

जर्ट्रूड वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यात दयामाया कुठेच नव्हती.

"मनापासून," ती म्हणाली. "अगदी आतड्यापासून."

"मग झालं," अंबिका म्हणाली आणि आपल्या खोलीचं दार उघडून आत गेली. कित्येक दिवसांनी तिला त्या रात्री झोप लागली.